जिभेच्या माथी खापर

आमच्या गावाचे नाव खापर. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, गुजरातची हद्द थोड्याच मैलांवर. खानदेशात मांडे ज्या मातीच्या पालथ्या भांड्यावर भाजतात त्यालाही खापरच म्हणतात. आणि आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारायचा झाला, तर मराठीत तिथेही खापरच फोडावे लागते. आज मला या तिसऱ्या खापराविषयी बोलायचे आहे. कारण खाण्यापिण्याच्या बाबतीत आपण सगळे ते पिढ्यान्‌पिढ्या एकाच अवयवाच्या माथी फोडत आलो आहोत. तो अवयव म्हणजे जीभ.

पोर भाजीला नाक मुरडते, तर म्हणे त्याची जीभ लाडावली. मधुमेह झालेले आजोबा देवघरातला पेढा गुपचूप तोंडात टाकतात, तर म्हणे त्यांचा जिभेवर ताबा नाही. तापातून उठलेले माणूस ताट सरकवते, तर म्हणे तोंडाला चव नाही. 'जिभेचे चोचले' हा शब्दप्रयोगच असा आहे की त्यात चौकशी होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

पण आखाजीचे जेवण आठवून पाहा. खापरावरून नुकताच उतरलेला मांडा, वाटीत आमरस, बाजूला कुरडई आणि तिखट सार. पहिला मांडा स्वर्गीय लागतो. दुसरा चांगला लागतो. तिसऱ्याला आपण हात आडवा धरतो आणि चौथा कोणी आग्रहाने वाढलाच, तर तेच पुरण घशाखाली उतरत नाही. अर्ध्या तासात पुरणातला गूळ कमी झाला नाही, करणारीचा हात बदलला नाही, जीभही तीच आहे. मग चव कुठे गेली?

एकादशीचे उलटे. दिवसभराच्या उपासानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी एवढेच पुढे आले तरी पक्वान्न वाटते. आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते, म्हणून तर भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण रूढ झाली. परंतु भूक कोंड्याला गोड कशी करते, पोटातली खबर तोंडापर्यंत पोचते कशी, याचे उत्तर शास्त्राजवळही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नव्हते. त्या उत्तराचे पहिले दार ज्याने उघडले त्या माणसाचे चरित्र मी आज सांगणार आहे. त्याचे नाव अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग. शाळेत विज्ञान शिकवायला लागलो तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात घर करून आहे.

वडील मुंबईत, मुलगा लंडनमध्ये

स्टार्लिंगचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. सात भावंडांत हा थोरला. परंतु त्या घरातले कर्ते पुरुष घरात नसत. वडील मॅथ्यू स्टार्लिंग हे बॅरिस्टर, आणि त्यांची नोकरी होती आपल्या मुंबईत, 'क्लार्क ऑफ द क्राउन' या सरकारी पदावर. इथल्या फौजदारी कायद्यावर त्यांनी ग्रंथही लिहिला. आमचा खानदेश त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत होता. म्हणजे ज्या राज्यकारभाराखाली आमचे पणजोबा नांदत होते, त्याच कारभारातल्या पगारावर लंडनमधले हे घर चालत होते. वडिलांना मायदेशी जायला तीन-तीन वर्षांनी सवड मिळे. मुले वाढवली ती आईने.

कुटुंब सुखवस्तू होते, श्रीमंत नव्हते. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८२ साली, अर्नेस्ट लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला. हुशारी अशी की बक्षिसे मागे लागत. त्याने नामांकित डॉक्टर व्हावे, श्रीमंत वस्तीत दवाखाना थाटावा, हा रस्ता सरळ होता. १८८५ च्या उन्हाळ्यात तो जर्मनीत हायडेलबर्गला विली क्यूने यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि रस्ता बदलला. शरीर बरे करण्यापेक्षा ते चालते कसे हे शोधण्याची ओढ त्याला तिथे लागली. ती पुढे सुटली नाही.

१८९१ मध्ये त्याने फ्लॉरेन्स वुल्ड्रिज हिच्याशी लग्न केले. ती त्याच्या एका दिवंगत शिक्षकाची विधवा. तिला विज्ञानाची जाण होती आणि नवऱ्याच्या लेखनात तिचा हात असे. त्यांना तीन मुली आणि एक मुलगा झाला. त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्याची गाठ विल्यम बेलिस याच्याशी पडली आणि शरीरशास्त्राच्या इतिहासातली एक नामी जोडी जमली.

बेलिस वयाने सहा वर्षांनी मोठा, सधन घरातला, शांत आणि भिडस्त. एकेक गोष्ट दहा वेळा तपासल्याशिवाय पाऊल न टाकणारा. स्टार्लिंग उतावळा, बोलघेवडा, डोक्यात कल्पना आली की ती त्याच दुपारी करून पाहणारा. १८९३ मध्ये बेलिसने स्टार्लिंगच्या बहिणीशी, गर्ट्रूडशी, लग्न केले आणि दोघे मेहुणे झाले. मेहुण्या-मेहुण्यांनी एकत्र धंदा करू नये असे आपल्याकडे म्हणतात. या दोघांनी तीस वर्षे एकत्र काम केले आणि त्यांच्यात फूट पडल्याचे कोणी ऐकले नाही. आतडे अन्न पुढे कसे ढकलते याचा नियम त्यांनी १८९९ साली मांडला. त्याच वर्षी स्टार्लिंग युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला आणि रॉयल सोसायटीचा सभासदही. वय अवघे तेहतीस.

१६ जानेवारी १९०२

त्या काळी पचनशास्त्रावर एकाच माणसाचे राज्य होते. रशियातले इव्हान पावलोव्ह. घंटा ऐकून लाळ गाळणारा कुत्रा आपल्याला शाळेत भेटतो, तो त्यांचाच. पावलोव्ह यांचे म्हणणे असे की, पचनाचा सारा कारभार मज्जातंतूंवर चालतो. अन्न दिसले, वास आला, तोंडात पडले की तंतूंवरून संदेश जातो आणि पाचकरस स्रवू लागतो. त्यांचे प्रयोग इतके देखणे होते की शंका घ्यायला जागा नव्हती. १९०४ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळाले.

फक्त एक गाठ सुटत नव्हती. जठरातले आंबट अन्न लहान आतड्यात उतरले की दूर बसलेले स्वादुपिंड रस सोडू लागते. हेही तंतूंमुळेच घडते असे सगळे मानत. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी ठरवले की ते तंतूच कापून पाहू.

१६ जानेवारी १९०२ रोजी दुपारी त्यांनी भूल दिलेल्या एका कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा असा मोकळा केला की त्याला जोडणारे सारे मज्जातंतू तुटले, शाबूत राहिल्या त्या फक्त रक्तवाहिन्या. मग त्या तुकड्यात सौम्य आम्ल घातले. निरोप नेणारी तारच तोडली होती, तेव्हा काही घडायला नको होते. पण स्वादुपिंडाने रस सोडला, अगदी नेहमीसारखा.

चार्ल्स मार्टिन नावाचे एक शास्त्रज्ञ त्या दिवशी तिथे हजर होते आणि पुढची हकीकत त्यांनी लिहून ठेवली आहे. स्टार्लिंग क्षणभरही थांबला नाही. तारेवाचून निरोप गेला, तर तो रक्तातूनच गेला असणार, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने आतड्याचे आतले अस्तर खरवडले, वाळू आणि आम्ल घालून खलले, गाळले आणि तो अर्क कुत्र्याच्या मानेतल्या शिरेत सोडला. थोड्याच क्षणांत स्वादुपिंडातून पहिल्यापेक्षाही जोमाने रस वाहू लागला. आतड्याच्या अस्तरात एक रसायन तयार होते, ते रक्तात मिसळते आणि दूरच्या अवयवाला कामाला लावते, हे एका दुपारी सिद्ध झाले. त्या रसायनाला त्यांनी नाव दिले सिक्रेटिन.

गावाकडच्या भाषेत सांगायचे तर आजवर फक्त तारखाते माहीत होते. आता कळले की पोस्टमनही आहे. तो रक्ताच्या रस्त्याने सगळीकडे फिरतो, आणि ज्याच्या दारावर त्याचा पत्ता आहे तेच दार उघडते.

ही बातमी रशियात पोचली तेव्हा पावलोव्ह यांनी आपल्या सहकाऱ्यांना तोच प्रयोग करायला सांगितले. ते उभे राहून पाहत होते. स्वादुपिंडाचा रस टपकू लागला. ते काही न बोलता आपल्या खोलीत गेले, अर्ध्या तासाने बाहेर आले आणि इंग्रज मंडळींचेच बरोबर आहे, सत्याचा मक्ता काही आपल्याकडे नाही, अशी कबुली त्यांनी दिली. त्यांच्या एका शिष्याने हे नोंदवून ठेवले आहे. आयुष्यभराची मांडणी अर्ध्या तासात दुरुस्त करणारा हा माणूसही थोरच म्हटला पाहिजे.

१९०५ साली लंडनच्या व्याख्यानांत स्टार्लिंगने अशा सगळ्या रासायनिक निरोप्यांसाठी एक शब्द वापरला, 'हार्मोन'. चेतवणे, जागे करणे अशा अर्थाच्या ग्रीक धातूवरून केंब्रिजमधल्या एका विद्वानाने तो सुचवला होता. आपण त्याला संप्रेरक म्हणतो. थायरॉइडच्या गोळ्या घेणारी गृहिणी, इन्शुलिन टोचून घेणारे काका, वयात येणाऱ्या मुलांविषयी बोलणारे डॉक्टर, सगळ्यांच्या तोंडी आज हा शब्द आहे. त्याचा जन्म मात्र आतड्याच्या खरवडलेल्या अस्तरातून झाला.

कुत्र्याचा खटला

या चरित्रातली एक काळी बाजू सांगितलीच पाहिजे. मुक्या जनावरावरचे हे प्रयोग वाचताना आपल्यापैकी अनेकांच्या पोटात कालवले असेल. लंडनमध्येही तसेच झाले. फेब्रुवारी १९०३ मध्ये बेलिस विद्यार्थ्यांपुढे एका तपकिरी कुत्र्यावर प्रात्यक्षिक करत होता. प्रेक्षकांत बसलेल्या दोन स्वीडिश विद्यार्थिनींनी पुढे लिहिले की, कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती. प्राण्यांवरील प्रयोगांना विरोध करणाऱ्या एका संस्थेच्या चिटणिसाने जाहीर सभेत तसा आरोप केला. भिडस्त बेलिसने अब्रुनुकसानीचा दावा लावला, तो जिंकला आणि मिळालेले दोन हजार पौंड कॉलेजातल्या संशोधनासाठी देऊन टाकले.

पण त्याच खटल्यात स्टार्लिंगला मान्य करावे लागले की, तो कुत्रा आधीच्या डिसेंबरात एका प्रयोगासाठी वापरलेला होता आणि दुसऱ्यांदा वापरणे कायद्यात बसत नव्हते. एकाऐवजी दोन कुत्री मारावी लागू नयेत म्हणून तसे केले, असा त्याचा खुलासा होता. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, त्यावरून दंगली झाल्या, १९१० मध्ये तो हलवावा लागला आणि १९८५ मध्ये नवा बसवण्यात आला. आज आपल्याला मिळणारे ज्ञान कोणाच्या तरी किमतीवर आले आहे, याची ती खूण आहे. मला स्वतःला हा पुतळा असावा असेच वाटते.

राष्ट्राचे ताट

हृदयाच्या कप्प्यात जितके जास्त रक्त भरते तितक्या जोराने ते आकुंचन पावते, हा स्टार्लिंगचा नियम आज जगातला प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो. केशवाहिन्यांतून पाणी बाहेर कसे झिरपते आणि परत कसे येते, हेही त्यानेच सांगितले. १९१२ साली निघालेल्या त्याच्या शरीरशास्त्राच्या ग्रंथावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. पण मला त्याच्या आयुष्यातला आणखी एक भाग महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे महायुद्धातले धान्य.

पहिल्या महायुद्धात तो सैन्याच्या वैद्यकीय दलात गेला. विषारी वायूपासून सैनिकांचा बचाव कसा करावा यावर काम करताना वरिष्ठांशी त्याचे खटके उडाले, कारण तोंडावर बोलण्याची सवय गेली नव्हती. १९१७ मध्ये परत आल्यावर त्याच्याकडे रॉयल सोसायटीच्या अन्नसमितीचे अध्यक्षपद आले. पाणबुड्यांनी जहाजे बुडत होती, ब्रिटनमध्ये धान्य तुटपुंजे होते. कष्टकऱ्याला किती अन्न लागते, बाईमाणसाला किती, मुलाला किती, याचा हिशेब मांडून सरकारला सल्ला देण्याचे काम या समितीने केले. १९१९ मध्ये, युद्ध संपल्यावर, नाकेबंदीत उपाशी पडलेल्या जर्मनीची अन्नस्थिती पाहायला त्याला पाठवण्यात आले. ज्या देशात तो शास्त्र शिकला होता तिथली माणसे त्याने वाळलेली आणि मलूल झालेली पाहिली. स्निग्ध पदार्थ आणि दूध यांची टंचाई माणसाचे काय करते, हे त्याने अहवालात मांडले.

निरोप्यांची फौज

स्टार्लिंगने चवीचा अभ्यास केला नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्याने दाखवले ते एवढेच की आतडे ही नुसती नळी नाही, ती बोलते. ती काय काय बोलते, हे कळायला पुढची शंभर वर्षे लागली.

१९२८ मध्ये कोलेसिस्टोकायनिन हा आणखी एक निरोप्या सापडला. जेवणातले स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरले की हा निघतो आणि पित्ताशयाला आकुंचन पावायला लावतो. १९७३ साली अमेरिकेत असे आढळले की तो टोचल्यावर उंदीर जेवण लवकर थांबवतात. म्हणजे 'पुरे' हा निरोपही तोच देतो. १९९४ मध्ये शरीरातल्या चरबीतून निघणारे लेप्टिन सापडले. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना जठरात घ्रेलिन सापडले. हा भुकेचा निरोप्या. जेवणाआधी याचे रक्तातले प्रमाण चढते, जेवल्यावर उतरते, आणि तो चढलेला असताना अन्नाचे नुसते चित्र पाहूनही मेंदूतली सुखाची केंद्रे जास्त जागी होतात. सतत अपुरी झोप घेणाऱ्यात घ्रेलिन वाढते आणि लेप्टिन घटते असेही दिसले आहे. परीक्षेच्या दिवसांत जागरण करणाऱ्या मुलांचे हात फरसाणाच्या डब्याकडे का वळतात, त्याचे एक कारण हे असू शकेल.

यापुढची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते. हे निरोपे मेंदूपाशी थांबत नाहीत, जिभेवरही येतात. जिभेवरच्या रुचिकलिकांवर यांतल्या काहींचे पत्ते लिहिलेले आहेत. २००० साली जपानमध्ये असे दिसले की लेप्टिनमुळे उंदरांच्या जिभेची गोडाची जाणीव मंदावते. २००८ साली आढळले की जीएलपी-१ नावाचे आतड्यातले संप्रेरक रुचिकलिकांतही तयार होते, आणि त्याला प्रतिसाद देण्याची सोय ज्यांच्यात नाही अशा उंदरांना गोड नीट कळत नाही. उलट, गोड ओळखण्याची जिभेवरची यंत्रणा आतड्यातही सापडली आहे. तोंडात जीभ आणि पोटात आणखी एक जीभ असावी, असाच हा प्रकार. यातले बरेच प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि माणसाचे सगळे तसेच असेल असे नाही. तरी दिशा स्पष्ट आहे.

आवडीनिवडीचेही तसेच. एका चवीचे पाणी पाजताना उंदराच्या पोटात नळीने थेट साखर सोडली आणि दुसऱ्या चवीच्या वेळी साधे पाणी सोडले, तर थोड्या दिवसांत त्याला पहिली चव आवडू लागते. जिभेला साखर लागलेलीच नसते, पसंती पोटाने दिलेली असते. आमच्याकडची मुले अंबाडीची आंबट भाजी आणि भाकरी चवीने खातात, आणि हद्दीपलीकडच्या पाहुण्याला तीच भाजी गूळ घातल्याशिवाय चालत नाही. आईच्या हाताची चव म्हणून आपण जी जपतो, तिच्यात आईचे प्रेम तर आहेच, पण त्या अन्नाने लहानपणी पोट शांत केल्याची पोटाची आठवणही आहे.

सगळेच या निरोप्यांच्या नावावर लिहिता येणार नाही. माझी आजी मांड्यांच्या दिवशी दिवसभर चुलीपुढे बसायची आणि सगळ्यांची पंगत उठल्यावर स्वतः भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायची. गोडाच्या वासानेच तिचे मन भरलेले असे. तिथे नाक, सवय आणि थकवा यांचा वाटा मोठा.

आणि पावलोव्ह? तेही अगदीच चुकले नव्हते. कोलेसिस्टोकायनिनचा 'पुरे' हा निरोप मेंदूकडे जातो तो बव्हंशी पोटातून वर जाणाऱ्या एका लांब मज्जातंतूवरूनच. पोस्टमन पत्र आणतो आणि तारखाते ते पुढे धाडते. दोघांचे भांडण शेवटी असे मिटले की दोघांनाही आपापला वाटा मिळाला.

केळ्यांच्या जहाजावर

स्टार्लिंगची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. आतड्याचा अभ्यास करणाऱ्या या माणसाला आतड्याचाच कर्करोग झाला आणि १९२० साली मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. १९२२ मध्ये बेलिसला 'सर' हा किताब मिळाला. सरकारला टोचून बोलणाऱ्या स्टार्लिंगला तो मिळाला नाही. नोबेलसाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, पारितोषिक कधीच आले नाही. १९२४ मध्ये बेलिस वारला. तरीही तो काम करत राहिला.

१९२७ च्या वसंतात प्रकृतीला आराम म्हणून तो कॅरिबियन समुद्राच्या सफरीवर निघाला. जहाज होते केळी वाहणाऱ्या कंपनीचे. २ मे १९२७ रोजी, जहाज जमैकातल्या किंग्स्टन बंदरात असताना, त्याचा मृत्यू झाला. वय एकसष्ट. तिथेच त्याला पुरण्यात आले. ज्याचे वडील मुंबईत आणि घर लंडनमध्ये, त्याची माती पडली ती आणखी तिसऱ्या किनाऱ्यावर.

त्याच्या सिक्रेटिनची कथा मात्र संपली नव्हती. २०१८ साली उंदरांत आणि २०२१ साली माणसांत असे दिसून आले की हेच सिक्रेटिन भूकही शमवते. ते दिल्यावर चविष्ट पदार्थांची चित्रे पाहून मेंदूत उठणारी हाव कमी होते. पहिल्याच निरोप्याच्या पिशवीतले हे दुसरे पत्र उघडायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

ताट सरकवणारे मूल

हे सगळे रविवारच्या सकाळी कशासाठी वाचायचे? माझ्यापुरते उत्तर माझ्या तालुक्यात आहे.

शहरात आज जीएलपी-१ च्या धर्तीवरच्या इंजेक्शनांची चर्चा आहे. मधुमेहासाठी असे पहिले औषध २००५ साली अमेरिकेत आले आणि २०२५ मध्ये वजन उतरवण्यासाठीची नवी इंजेक्शने भारतातही मिळू लागली. ती घेणारी पुष्कळ माणसे सांगतात की तळलेल्या आणि गोड पदार्थांची ओढच ओसरली. आयुष्यभर ज्यांना जिभेवर ताबा नाही म्हणून बोल लावला, त्यांचा ताबा आठवड्याच्या एका सुईने आला. मग दोष खरोखर जिभेचा किंवा मनोनिग्रहाचा होता का? अर्थात ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीवाचून घेण्याची नव्हेत.

आमच्या सातपुड्यात चित्र उलटे आहे. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात ती कुपोषणासाठी. दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुले बरोबर जातात आणि वाळून परत येतात. अशा मुलापुढे ताट ठेवले तर ते आधाशासारखे खाईल असे आपल्याला वाटते. अतितीव्र कुपोषित मूल पुष्कळदा खातच नाही. संसर्ग, जस्तासारख्या क्षारांची कमतरता आणि बिघडलेले हे निरोपे, सगळ्यांचा गुंता होऊन भूकच मरते. म्हणून तर अशा मुलांची आधी भूक तपासतात. ठरलेला पौष्टिक आहार मूल खाऊ शकले तर त्याच्यावर गावातच उपचार होऊ शकतात, नाही खाल्ले तर त्याला दवाखान्यात हलवणे भाग असते. भूक नसणे हेच तिथे सर्वांत मोठे धोक्याचे लक्षण मानतात.

म्हातारपणीही तेच. उतारवयात कोलेसिस्टोकायनिनचे प्रमाण वाढलेले आढळते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते, चव फिकी लागते. आजी-आजोबांनी ताट सरकवले तर ते रुसले आहेत असे समजू नये. थोडे थोडे, चार वेळा, त्यांच्या आवडीचे द्यावे आणि वजन उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवावे.

भूक असेल तर कोंड्याचा मांडा होतो, पण भूकच मेली तर मांड्याचाही कोंडा होतो. तेव्हा घरातले किंवा शेजारचे लहान मूल दोन-तीन दिवस जेवत नसेल, मलूल दिसत असेल, तर त्याच्या जिभेला बोल लावत बसू नका. त्याला कडेवर घ्या आणि अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात नेऊन त्याचे वजन करा. त्याच्या पोटातून काही निरोप येत असेल, तर तो ऐकणारे कोणी तरी जवळ असले पाहिजे.